डावा कान

“कोणता कान?” काउंटरमागच्या मॅडमनी विचारलं आणि हरिओमला उत्तर सुचेना. ऐकायची मशीन घरात कित्येक वर्षं होती. वडील, अण्णा, रोज सकाळी चहाच्या आधी ती कानात घालायचे, हे तो रोज बघत आला होता. पण डावा की उजवा, ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना. मग त्याचा उजवा पंजा आपला आपणच वर आला, काउंटरच्या काठापर्यंत, आणि तिथे थांबला. समोर उभ्या माणसाच्या कानाखाली उजव्या हातानं दिली की ती कोणत्या बाजूला बसते, याचा हिशोब हातानं केला, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. “डावा,” तो म्हणाला आणि हात खिशात घातला. मॅडमनी मान हलवली. “बराबर. निळा ठिपका हाय ह्याच्यावर. निळा डाव्याचा, लाल उजव्याचा. काही लोक सांगतेत एक अन् निघतं दुसरंच, म्हणून विचारलं.” म्हणजे बाईंना आधीच माहीत होतं. मग आपल्याला कशाला विचारलं, असं वाटून त्याला उगाच त्यांचा राग आला. राग आला की पंजा गरम होतो, हे त्याला कालपासून कळलं होतं.

मस्तगडातल्या अरुंद जिन्यावरचं हे दुकान. खाली भांड्याची दुकानं, वर एक खोली, मधे काचेचा पडदा, पलीकडे कान तपासायची गादी लावलेली कपाटाएवढी पेटी. दीपमाला मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी त्याचा रुमाल उलगडला. मशीन, तिच्या डोक्यावरचा वाकडा पारदर्शक हूक दोन तुकडे झालेला, चिरलेली नळी आणि नळीच्या टोकाला कानाच्या आकाराचा तो गुलाबी गोळा. रुमालात वाळलेल्या वरणाचा पिवळा डाग होता. हरिओमनं घरून निघताना तो बघितला नव्हता. आता मात्र त्याला दुसरं काही दिसेना. “कशी तुटली?” “पडली.” “नुसती पडली की बॅटरीचं झाकण जातं. हूक असा मधून तुटत न्हाई.” त्यानं रुमालावरच्या डागावर अंगठा ठेवला. “ज्यांची हाय, त्यांला लागलं का? कानातून रक्त-बिक्त?” त्यानं बघितलंच नव्हतं. फ्रिजखाली झाडू घालून त्यानं मशीन काढली होती, हूकचा तुकडा शोधला होता, फरशीवरचं वरण पुसलं होतं. बापाच्या कानाकडे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

काल रविवारी दुपारचं जेवण. अण्णा पाटावर, पाठ भिंतीला. अण्णा, म्हणजे काकासाहेब, हा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात मिलहाऊसवर हयात गेलेला माणूस. ऊस चिरडणाऱ्या रोलरच्या शेजारी उभं राहून उभं राहून ऐकणं गेलं, बोलणं मात्र तिथल्यासारखंच राहिलं. कानातली मशीन अधूनमधून शिट्टी घालत होती. ती नेहमीच घालायची. घरात अण्णा कोणत्या खोलीत आहेत ते त्या बारीक किरकिरीवरून कळायचं आणि माणसं त्याप्रमाणे आपापल्या जागा बदलायची. आई चुलीशी, म्हणजे आता गॅसशी, पण बसणं जुनंच, जमिनीवर. हरिओमची बायको शीतल आईच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती, डॉक्टरनं सांगितलेल्या गोळ्यांचं असावं. “काय कुजबूज करून राह्यले गं दोघी? माझं नाव काढलं?” अण्णा गरजले. कोणी उत्तर द्यायच्या आत आईच्या हातातलं झाकण निसटून फरशीवर आपटलं, अण्णांचं सगळं अंग आकसलं आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातला भरलेला तांब्या आईच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. पाणी उडालं. आई आवाज न करता खाली वाकली. शीतल पोटावर हात धरून उठली आणि अण्णाही उठले, हात मागे नेऊन, शीतलकडे की आईकडे ते शेवटपर्यंत कळलं नाही. कारण तेवढ्यात हरिओमनं उष्ट्या हातानं बापाच्या कानाखाली दिली.

आवाज मोठा झाला. वरण उडून भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. अण्णा पाठीनं भिंतीवर आदळले आणि तिथून सरकत पाटावर बसले, जणू जेवायलाच बसले. गालावर पाच बोटं, त्यात वरण. मशीन उडून फ्रिजखाली गेली आणि तिथे अंधारात एकटीच शिट्टी घालत राहिली. हे सगळं हरिओमला नंतर आठवलं. त्या क्षणी त्याला जाणवला तो फक्त आपला हात. हाताला बरं वाटलं होतं. ज्याला सुख म्हणतात ते मनगटापासून खांद्यापर्यंत चढत गेलं, तहानेला पाणी मिळावं तसं, आणि हाताला अजून हवं होतं. दुसरी, तिसरी. तो थांबला, तो काही शहाणपण सुचलं म्हणून नाही. शीतल त्याच्याकडे बघत होती म्हणून थांबला. ती अण्णांकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. त्याच्या पंजाकडे बघत होती. त्यानंही बघितलं. बोटं जुळलेली, तळवा मधे खोलगट, ओंजळ धरल्यासारखा.

सपाट हातानं मारलं की गाल भाजतो. खोलगट हातानं मारलं की तळव्यातली हवा कानात घुसते आणि आत काहीतरी फाटतं. हे हरिओमला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे एका अर्थी शिकवलं होतं. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत गळीत हंगामात अण्णा पाळीवरून यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला मळीचा गोड आंबूस वास असायचा, आणि तो वास दारात आला की हरिओम भिंतीशी सरकायचा. ते येऊन आधी पाणी प्यायचे. मग काहीतरी निघायचं. भाकरी गार, पोरगं खेळतंय, शेजारीण कशाला आल्ती. आईचा कान गेला त्या दिवशी ती हसली होती, एवढंच. बाहेर ओट्यावर कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती आत येताना हसतच आली. “कोणाला हसून राह्यली?” आणि ओंजळ. आई भेलकांडली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कानातून एक बारीक तांबडी रेघ मानेवर आली. तिनं ती पदरानं पुसली, कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून कानात घातला आणि भाकऱ्या थापायला बसली. हरिओम त्या भाकऱ्या जेवला. भूक लागली होती. त्याला स्वतःला मिळाली ती पुढच्या वर्षी, चड्डीत शेतातून चोरलेली बोरं सापडली म्हणून. कान वाचला, पण आत एक किडा राहिला. तो अजून किरकिरतो. बियाण्याच्या कंपनीत चाळणीच्या मशीनपाशी दिवस जातो तेव्हा कळत नाही. घरी आडवं पडलं की कळतं. फोन तो उजव्या कानालाच लावतो. आई कोणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढे करते. आणि आता अण्णा. घरातल्या सगळ्यांचे डावे कान गेले, कारण घरातले सगळे मारणारे उजवे होते, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं काउंटरचा काठ धरला.

“पाणी पाहिजे का?” मॅडमनी विचारलं. तो नको म्हणाला. त्यांनी एक चपटा डबा उघडला. त्यात हूकच हूक, नखाएवढे, काचेसारखे, सगळे एकाच वळणाचे. त्याला वाटलं कुठलाही उचलावा आणि बसवावा. त्यांनी एक बसवला. बसला. “झालं की,” तो म्हणाला. “बसला, पण हा हिचा न्हाई.” त्यांनी तो चिमटीत धरून जरासा फिरवला, तो गरगर फिरला. “अशा फटीतून आवाज गळतो. गळलेला आवाज फिरून मशीनमधीच जातो, अन् मंग ती किंचाळती. दिसायला सगळे सारखे, पण एकाला आटे असतेत, एक नुसता दाबायचा, अन् एका कंपनीचा दुसरीला चालत न्हाई. लोक बाजारातून कोणताही आणून गोंदानं चिकटवतेत. अन् मंग म्हणतेत, मशीन खराब.” तिसरा हूक टक्क करून बसला. त्या बारीक टक्कनं हरिओमचे खांदे उडाले. कालपासून त्याला असं होत होतं. दरवाजा लागला, भांडं सरकलं, की खांदे उडायचे आणि पाठोपाठ पंजा गरम.

काल संध्याकाळी शेजारचे रामकिसनकाका भिंतीवरून म्हणाले होते, “बरं केलं. लय दिसाचं राह्यल्तं.” त्यांना कसं कळलं? आवाज गेला असेल भिंतीपलीकडे. या भिंतीपलीकडे इतकी वर्षं आवाज जातच होते, तेव्हा काका कधी काही बोलले नव्हते. त्यांच्या तोंडावर जे कौतुक होतं ते त्यानं आधी पाहिलं होतं. वसाहतीत अण्णांनी एका मजुराला ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी तुडवला होता तेव्हा लोकांच्या तोंडावर होतं ते. आणि आज सकाळी शीतलनं चहा आणून दिला. तो खुर्चीत बसला होता, टीपॉय उजव्या हाताला, रोजच्यासारखा. ती रोज उजवीकडून येते आणि कप ठेवते. आज ती खुर्चीला मागून वळसा घालून डावीकडून आली आणि हात लांब करून कप टीपॉयवर ठेवला. चहा थोडा सांडला. ती मुद्दाम तशी आली नसावी. तिच्या पायांनीच ते ठरवलं असावं. हरिओमच्या अंगावर काटा आला तो त्यामुळे, कारण आई आयुष्यभर अण्णांच्या डावीकडूनच आलेली आहे. वाढताना, पांघरूण देताना, लग्नाचा फोटो सोडला तर सगळ्या फोटोंत. गाडीवरही ती डाव्या अंगाला पाय सोडून बसायची आणि उतरली की मागून जायची.

“तू अशी का आली?” त्यानं विचारलं. “कशी?” शीतलनं आपण कुठून आलो ते बघितलं आणि तिलाही कळलं. ती खाली बसली. पाचवा महिना होता, बसताना तिला भिंत लागायची. “ऐका,” ती म्हणाली, “काल तुम्ही मारलं ते आईसाठी मारलं का माझ्यासाठी, मला न्हाई माहीत. अण्णांनी पण कधी उगाच मारलं असं ते म्हणत न्हाईत. त्यांच्यापाशी पण दर वेळंला कारण हाय.” “मी तुला कधी बोट तरी लावलं का?” “न्हाई.” “मंग?” “मंग काय? तुमचा हात मी बघितला. माझ्या लेकराला दोन्ही कान शाबूत पायजेत.” ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. “मशीन नीट करून आणा. ती आईची हाय, ते तुम्हाला बी ठाव हाय अन् मला बी. ती आज कुणाच्या कानात जाती ते बघते. मंग सांगते राहायचं का जाफराबादला माहेरी जायचं.” पिशवी तिनं भरून ठेवलेलीच होती, दाराआड.

“हा साचा बाईमाणसाच्या कानाचा हाय,” दीपमाला मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो गुलाबी गोळा उजेडाकडे धरला होता. “आईसाठी नेऊन राह्यले ना?” “वडील वापरतेत.” त्यांचे हात थांबले. “हा? अहो, हा मापानं ओतलेला असतो. ज्याचा त्याला. दुसऱ्याच्या कानात हा बसेलच कसा?” तो बसत नव्हताच. अण्णा तो अंगठ्यानं दाबून बसवायचे आणि तो शिट्टी घालायचा. हरिओमला मशीन वाटपाचं शिबिर आठवलं. शाळेच्या पटांगणात मांडव, रांगेत म्हातारीकोतारी, आणि आईच्या डाव्या कानात एका पोरीनं पिचकारीनं गुलाबी लगदा भरला. गार लागलं म्हणून आई हसली. कान गेला त्या दिवसानंतर तिला हसताना त्यानं तेव्हाच पाहिलं. मान एका बाजूला कललेली, तोंडावर पदर, डोळे मिटलेले. महिन्याभरानं मशीन आली. आईनं ती घातली आणि पहिल्या दिवशी नुसती घरभर फिरली. नळ सोडून बघितला, चिमण्या ऐकल्या, हरिओमला म्हणाली, तुझा आवाज लय जाड झाला रे. आठ दिवसांत अण्णा म्हणाले, “तुला काय ऐकायचंय? घरातल्या कर्त्या माणसाला ऐकू आलं पायजे. बँकेत, सोसायटीत लोक हसतेत मला.” त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. घरात एक पंखा असला की तो कर्त्याच्या डोक्यावर असतो, दुधावरची साय त्याच्या ताटात असते, तसा कान. आईनं स्वतःच काढून दिली. हरिओम शेजारी बसून पेपर वाचत होता.

“कितीतरी वर्षांपासून वापरतेत,” तो म्हणाला. मॅडमनी मशीनला एक तार लावली, पडद्यावर रेघा आल्या. “ही लय ताकदीची मशीन हाय. ज्याचा पडदा फाटलाय, आतलं पण गेलंय, अशा कानासाठी लावलेली. वडील काय करायचे?” “मिलहाऊसला होते, कारखान्यात.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “मंग तर झालंच. मिलच्या आवाजानं गेलेला कान येगळा असतो, भाऊ. हळू बोललेलं कळत न्हाई, अन् मोठा आवाज सहन होत न्हाई. दोन्ही एकदम. अशा कानात ही मशीन म्हणजे,” त्यांनी टेबलावरचा स्टीलचा पेला बोटानं वाजवला, “हा एवढा आवाज हातोडा घातल्यासारखा जात असंल. भांडं पडलं की डोक्यात कळ. चिडचिड करतेत का लय?” हरिओमला हसू फुटलं. मोठ्यानं, वेडंवाकडं. मॅडम दचकल्या. चिडचिड. त्यांच्या घरात ज्या गोष्टीला नावच नव्हतं तिला हा चांगला शब्द होता. “आता दोन रस्ते,” त्या म्हणाल्या. “वडलांना घेऊन या, त्यांच्या कानाचा नवा साचा ओतते, मशीनची ताकद उतरवून देते. शिट्टी बंद होईल, त्रास कमी होईल. न्हाईतर हाच साचा ठेवून नवी नळी टाकते. मंग ही ज्यांची, त्यांच्याच कानात गेली पायजे. ह्याच्यात मधलं काही न्हाई.” “हाच ठेवा,” तो लगेच म्हणाला. त्याला शीतलची पिशवी दिसत होती. मॅडमनी जुनी नळी खेचून काढली. ती सुटताना ओला आवाज झाला. नवी नळी ओवून तिचं टोक कात्रीनं कापलं.

मोटारसायकलवर मशीन वरच्या खिशात होती, छातीला लागत होती. मस्तगडच्या उतारावर एका टमटमवाल्यानं आडवी गाडी घातली आणि हरिओमच्या तोंडून शिवी निघाली, अण्णांची, अण्णांच्याच सुरात, शेवटचा शब्द वर ओढून. टमटमवाला हसून निघून गेला. हरिओम गाडी कडेला घेऊन थांबला. खालच्या दुकानातून भांड्यांचा आवाज येत होता. पोरं हंडे एकात एक घालत होती, धाडधाड. हातोडा. म्हणजे इतकी वर्षं त्या माणसाच्या डोक्यात दिवसभर हातोडे पडत होते, आणि तो प्रत्येक हातोड्याला हातात येईल ते फेकून उत्तर देत होता. बायकोचा कान फोडला आणि तिचाच कान काढून घातला, तर त्या कानानं त्याला असं धुतलं. हरिओमला एक क्षण फार बरं वाटलं. हाताला काल वाटलं होतं तसंच, तिथूनच वर चढणारं. मग दुसरं आठवलं. आईच्या हातून भांडी पडायची. नेहमी. झाकणं, पराती, उलथणी. ऐकू येत नाही म्हणून तिला आपल्या हातचा आवाज कळत नाही, असं सगळे म्हणायचे. पाहुणे आले तर हरिओमच समजावून सांगायचा. पण शिबिराच्या आधी, कान गेल्यानंतरच्या त्या सगळ्या वर्षांत, तिच्या हातून कधी काही पडलेलं त्याला आठवेना. त्यानं खूप ताण दिला. एकही आठवेना. त्यानं गाडीला किक मारली.

अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. डाव्या कानाच्या पाळीखाली वाळलेलं रक्त होतं, काळं, बोटभर. गालाला सूज. एका दिवसात ते केवढेसे झाले होते. हरिओमला बघून त्यांनी काही न बोलता तळवा पुढे केला. आणलीस ना, दे. हरिओम त्यांच्यासमोरून आत गेला. शीतल मधल्या दारात उभी होती, पिशवी पायाशी. आई परातीत पीठ मळत होती, गळ्याखाली जांभळा डाग. तो तिच्या उजव्या बाजूला बसला आणि मोठ्यानं म्हणाला, “आई, मशीन आणली. ही तुझी हाय. तुझ्या कानात घालायची.” आईनं पिठाचे हात बघितले. “घालतो मी,” तो म्हणाला आणि मशीन घेऊन हात तिच्या डाव्या कानाकडे नेला. आईनं डोळे मिटले. मान खांद्यात गेली, तोंड घट्ट झालं. ती वाट बघत होती. त्याचा हात हवेत राहिला. “आई, मी हाय,” तो म्हणाला. “हां,” ती डोळे मिटूनच म्हणाली, “तूच हाय.”

त्यानं हात मागे घेतला. मशीन परातीच्या काठाशी ठेवली. “अण्णाच्या कानात ही लय जोरात वाजती,” तो म्हणाला. “भांडं पडलं तरी त्यांच्या डोक्यात कळ जाती, मॅडम सांगत व्हत्या. म्हणून आता ही त्यांला नको.” आईनं डोळे उघडले. “ठाव हाय मला.” “काय ठाव हाय?” “पहिल्याच दिशी परात पडली हातातून. त्यांचं तोंड बघितलं मी.” तिनं पीठ बोटांवरून सोलून काढलं, सावकाश. “मला काय ऐकायचंय आता? लागंल तेवढं ऐकलं. कालचं पण ऐकलं. तुझ्या हाताचा आवाज बिनामशीनचा आला मला, ह्या फुटक्या कानात.” ती मशीन उचलून उठली. गुडघ्यावर हात देऊन, पुढच्या खोलीत गेली, डावीकडून. अण्णांनी लहान मुलासारखी मान कलती केली. तिनं तो गुलाबी गोळा त्यांच्या कानात ठेवला, अंगठ्यानं दाबला, त्यांचं वाळलेलं रक्त पदराच्या टोकानं पुसलं. मशीन किंचाळायला लागली. मग ती परत आली, शीतलच्या जवळून गेली, मांडणीवरून पितळी पातेलं घेतलं आणि ते फरशीवर सोडलं.

अण्णांच्या तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. ते दोन्ही हात डोक्याला लावून उठले, खुर्ची मधल्या दाराशी आडवी पडली, शीतल पिशवी ओढत आत सरकली, आणि ते आत आले ते आंधळ्यासारखे, वाटेतल्या पाट्याला अडखळत, हात मागे नेत. आई हलली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिच्या तोंडावर ते हसू होतं, लगदा भरतानाचं, गार लागल्याचं. हरिओम मधे शिरला. त्याचा हात वर गेला. अण्णांनी तो पाहिला आणि ते होते तिथे थबकले, डोळे मिटले, मान खांद्यात घातली, म्हातारी पाठ वाकवली आणि थांबले. तेही वाट बघत होते. किती सोपं होतं. कान समोर होता, शिट्टी घालणारा, गुलाबी. हाताला सगळं माहीत होतं. हरिओमनं दोन बोटांनी मशीन धरली आणि ओढून काढली. जोर लावला नाही. अण्णांचे डोळे मिटलेलेच राहिले. त्यानं मुठीत धरल्यावर ती जास्तच किंचाळायला लागली, म्हणून त्यानं अंगठ्यानं बॅटरीचं झाकण उघडलं. आवाज मेला. घरात इतकं शांत झालं की त्याला आपल्या कानातला किडा ऐकू आला.

“काढली,” तो म्हणाला. त्याला रडू येत होतं. “बघ, काढली. कोणाच्याच कानात न्हाई. शीतल, मी मारलं न्हाई.”

“हात खाली घ्या आधी,” शीतल म्हणाली.

तो खालीच होता, त्याला वाटलं. त्यानं बघितलं. मशीन डाव्या हातात होती. उजवा अजून वर होता, डोक्याच्या उंचीवर, बोटं जुळलेली, तळवा खोलगट. त्यानं हाताला खाली यायला सांगितलं आणि हाताला वेळ लागला. तोवर शीतलनं पिशवी उचलली होती. दाराकडे जायला त्याच्या उजवीकडे मोकळी जागा होती. डावीकडे पडलेली खुर्ची होती, लवंडलेलं पातेलं होतं. पोट सांभाळत, भिंतीला धरत, खुर्चीवरून पाय टाकत ती त्याच्या डावीकडून गेली.